खाजे : एका पक्वान्नाची आणि त्याच्या नावाची कुळकथा

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत वास्तूचा इतिहास असतो, दात्यांची नामावली असते, विश्वस्तांच्या परिश्रमांची नोंद असते. ते उचितच होय. परंतु समाजाचा इतिहास केवळ शिलालेखांत आणि ग्रंथभांडारांत साठवलेला नसतो. तो आपल्या मुदपाकखान्यातही असतो आणि आपण रोज उच्चारत असलेल्या शब्दांतही असतो. अशाच एका घरगुती शब्दाचा मागोवा घेण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

निमित्त घडले ते असे. पर्युषणानंतरच्या एका पारण्याच्या सकाळी ताटात खाजे वाढले होते. शेजारी बसलेल्या माझ्या नातवाने विचारले, "आजोबा, याला खाजे का म्हणतात? खाल्ल्यावर खाज येते का?" पंगतीत हशा पिकला. मला मात्र साठ वर्षांपूर्वीचे नवी पेठेतील आमचे घर आठवले. हाच प्रश्न मी माझ्या आजीला विचारला होता. कढईवरून नजर न हलवता ती म्हणाली होती, "खातात म्हणून खाजे. जा, हात धुऊन ये." त्या वेळी मला ते उत्तर टाळाटाळीचे वाटले. पुढे प्राकृत ग्रंथांचा थोडाफार परिचय झाला, तेव्हा ध्यानात आले की अक्षरओळख बेताचीच असलेल्या आजीने भाषाशास्त्राच्या दृष्टीने अगदी अचूक उत्तर दिले होते. ते कसे, हे पाहण्यासाठी प्रथम पदार्थाची ओळख करून घेऊ.

पदार्थाचे स्वरूप

खाजे म्हणजे पदर सुटलेले तळीव पक्वान्न. गव्हाच्या बारीक पिठात किंवा मैद्यात तुपाचे मोहन घालून घट्ट पीठ भिजवावे लागते. त्याच्या पातळ पोळ्या लाटून एकीवर एक ठेवताना मध्ये साटा पसरतात. साटा म्हणजे फेसलेले तूप आणि तांदळाची पिठी यांचे मिश्रण. मग त्या पोळ्यांची घट्ट गुंडाळी करून तिचे तुकडे कापायचे, प्रत्येक तुकडा हलक्या हाताने लाटायचा आणि मंद आचेवर तुपात तळायचा. साट्यातील तुपामुळे पदर एकमेकांना चिकटत नाहीत. पिठातील पाण्याची वाफ होऊन ती पदरांना वर उचलते आणि पापुद्रे सुटू लागतात. आच प्रखर झाली तर बाहेरून रंग चढतो व आत कच्चे राहते. म्हणून खाजे करणाऱ्या बाईला घाई चालत नाही. तळून झाल्यावर ते साखरेच्या पाकात बुडवून काढतात किंवा त्यावर पिठीसाखर भुरभुरतात.

आपल्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि गुजराती-मारवाडी अशी घरे एकमेकांना लागून नांदत आली आहेत. त्यामुळे पापुद्र्यांच्या या पक्वान्नाला आणि त्याच्या भावंडांना येथे अनेक नावे ऐकू येतात. मराठी घरांत चिरोटे, कन्नड घरांत चिरोटी, गुजराती व राजस्थानी वळणाच्या घरांत खाजा किंवा खाजां, तर तेलुगू भाषकांच्या बोलण्यात काजा. घडणीत थोडाफार फरक असला तरी साटा, पदर आणि मंद आच ही त्रयी सर्वत्र सारखीच. यांपैकी खाजे, खाजा आणि काजा ही नावे एकाच मूळ शब्दाची रूपे आहेत. तो मूळ शब्द कोणता, हाच आपला विषय.

'खाद्य'चे 'खाजे' कसे झाले?

संस्कृतात 'खाद्' म्हणजे खाणे. त्यावरून 'खाद्य' म्हणजे खाण्याजोगे, आणि 'खाद्यक' म्हणजे खाण्याजोगा पदार्थ. प्राकृतात येताना संस्कृतातील 'द्य' या जोडाक्षराचे 'ज्ज' होते आणि त्यापूर्वीचा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. या नियमाने 'खाद्य'चे 'खज्ज' झाले व 'खाद्यक'चे 'खज्जग' किंवा 'खज्जय' झाले. पुढे प्राकृतातून मराठीत येताना 'ज्ज' मधील एक 'ज' गळाला आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर पुन्हा दीर्घ झाला. अशा रीतीने 'खज्जय'चे 'खाजे' तयार झाले.

हा नियम एकट्या खाज्यापुरता नाही. आपण दिवसभर त्याच वाटेने आलेले शब्द वापरत असतो. 'अद्य'चे 'अज्ज' आणि मग 'आज'. 'विद्युत्'चे 'विज्जु' आणि मग 'वीज'. 'उत्पद्यते'चे 'उप्पज्जइ' आणि त्यावरून 'उपजणे'. 'वाद्यते'चे 'वज्जइ' आणि त्यावरून 'वाजणे'. आज, वीज, उपज आणि वाजणे या शब्दांच्या पंगतीतच खाजे बसले आहे. जुन्या मराठीत 'खाज' आणि 'खाजे' हे शब्द सर्वसाधारण 'खाद्य' या अर्थानेही आढळतात. म्हणजे प्रारंभी हे नाव एका पक्वान्नाचे नव्हते. जे जे खाता येते ते ते खाजे होते. कालांतराने अर्थाचा संकोच होऊन ते विशिष्ट पदार्थाला चिकटले.

आता नातवाच्या शंकेचाही परामर्श घेतला पाहिजे. कातडीला सुटणारी 'खाज' ही संस्कृत 'खर्जू' या शब्दावरून आली. 'खर्जू'चे प्राकृतात 'खज्जू' झाले आणि मराठीत 'खाज'. दोन निराळ्या घराण्यांतील व्यक्तींची नावे योगायोगाने सारखी असावीत, त्यातलाच हा प्रकार आहे. तसेच 'काजा' हे तेलुगू रूप ऐकून त्याचा संबंध काजूशी जोडण्याचा मोह होतो. तोही खरा नाही. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात भारतात आणले. 'खज्ज' हा शब्द त्याच्या कितीतरी शतके आधी आपल्या आगमग्रंथांत लिहिला गेला होता.

आनंद श्रावकाचे परिमाण

हा लेखी उल्लेख कोठे सापडतो, हे आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. श्वेतांबर परंपरेत उपलब्ध असलेल्या अंगग्रंथांपैकी सातवे अंग म्हणजे 'उवासगदसाओ' अर्थात उपासकदशांग होय. दिगंबर परंपरेच्या द्वादशांगीतही सातव्या अंगाचे नाव 'उपासकाध्ययन' असेच आहे. उपासकदशांगात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांची चरित्रे आहेत. वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली इसवी सनाच्या पाचव्या शतकात आगमांचे लेखन झाले. त्यामुळे या ग्रंथातील शब्द किमान दीड हजार वर्षे लिखित स्वरूपात टिकून आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुडॉल्फ होर्नले या विद्वानाने त्याची मूळ प्राकृत संहिता इंग्रजी भाषांतरासह कलकत्ता येथून प्रसिद्ध केली, आणि जगभरच्या अभ्यासकांना तो परिचित झाला.

त्यातील पहिले चरित्र आनंद श्रावकाचे आहे. वैशालीजवळच्या वाणिज्यग्रामातील हा गृहस्थ अफाट श्रीमंत होता. चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसाराच्या वैभवात. प्रत्येकी दहा हजार गाईंचे चार गोकुळ. पाचशे नांगर. परदेशगमनासाठी पाचशे गाडे आणि स्थानिक वाहतुकीसाठी आणखी पाचशे. अशा या धनिकाने भगवंतांसमोर श्रावकाची बारा व्रते स्वीकारली. त्यांपैकी उपभोग-परिभोग परिमाण व्रत घेताना त्याने दिनक्रमातील एकेका वस्तूला मर्यादा घातली. अंग पुसण्याचे वस्त्र कोणते, दातवण कोणते, अभ्यंगाचे तेल कोणते, स्नानाला पाणी किती घडे, नेसूचे वस्त्र कोणते, भात कोणत्या तांदळाचा, तूप कोणत्या ऋतूतले, पाणी कोणते आणि मुखवास कोणता, हे सारे त्याने मोजून ठरवले.

या यादीत पक्वान्नांची पाळी येते तेव्हा आनंद दोनच नावे घेतो. एक 'घयपुण्ण' आणि दुसरे 'खंडखज्ज'. या दोहोंव्यतिरिक्त उर्वरित सर्व पक्वान्नांचा तो त्याग करतो. 'घयपुण्ण' म्हणजे घृतपूर्ण, आपला घेवर. 'खंडखज्ज' म्हणजे खांडसाखरेचे खाजे. अकराव्या शतकातील नवांगी टीकाकार अभयदेवसूरी यांनी घेवर सर्वांना ठाऊकच आहे असे समजून पुढची वाट धरली, आणि खंडखज्ज म्हणजे साखरेने लेपलेले खाद्य असा खुलासा केला. पाकातून काढलेल्या आपल्या खाज्याशी हे वर्णन किती मिळतेजुळते आहे, ते वेगळे सांगावयास नको. प्राचीन खंडखज्जाला आजच्यासारखे पदर होते की नाही, हे आगमात लिहिलेले नाही. परंतु नाव आणि साखरेचा लेप या दोन्ही खुणा आजपर्यंत चालत आल्या आहेत.

याच यादीत आणखी एक शब्द मराठी माणसाच्या कानाला ओळखीचा वाटतो. पेयाची मर्यादा ठरवताना तेथे 'पेज्ज' हा शब्द येतो. तांदळाची पातळ 'पेज' आजही आपल्याकडे आजाऱ्याला देतात. 'खज्ज'चे खाजे आणि 'पेज्ज'ची पेज, ही दोन्ही भावंडे आनंद श्रावकाच्या व्रतातून थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोहोचली आहेत, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. आपल्या वाङ्मयात खाज्याचा हा जुना व ठळक उल्लेख मेजवानीच्या वर्णनात येत नाही. तो एका व्रताच्या संकल्पात येतो. ज्याच्या दाराशी हजार गाडे उभे असत, त्याने आपली पक्वान्ने दोन बोटांवर मोजली. त्याने गोडाचा तिरस्कार केला नाही. त्याने केवळ सीमा आखली आणि त्या सीमेच्या आत खाज्याला जागा दिली. हाच आनंद पुढे साधनेत इतका पुढे गेला की, त्याच्या अवधिज्ञानाविषयी शंका घेतल्याबद्दल खुद्द गौतम गणधरांनी त्याच्याकडे जाऊन क्षमा मागितली. त्या थोर क्षमापनेची कथा आपण पर्युषणात भक्तिभावाने ऐकतो. तिचा प्रारंभ मात्र अशा लहानसहान मोजमापांपासून झाला होता, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

खंड आणि खांड

'खंडखज्ज' या नावातील पूर्वपदही लक्षणीय आहे. 'खंड' म्हणजे तुकडा. उसाचा रस आटवून तयार होणाऱ्या साखरेच्या तुकड्यांना हेच नाव मिळाले व पुढे त्याचे 'खांड' झाले. भारतातील साखर पश्चिमेकडे गेली तेव्हा शब्दही तिच्याबरोबर गेला. फारसीत तो 'कंद' झाला, अरबीत 'कंदी' आणि युरोपात फिरून इंग्रजीत 'कँडी'. आज आपली मुले दुकानात कँडी मागतात, तेव्हा आनंद श्रावकाच्या यादीतील अर्धा शब्द परदेशवारी करून त्यांच्या तोंडी आलेला असतो. सोलापुरातील जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथे साखर कारखाना उभारला, आणि पुढे त्या गावाच्या नावाच्या गोळ्या महाराष्ट्रभर घरोघरी पोहोचल्या. खंड या शब्दाच्या दीर्घ प्रवासात आपल्या गावच्या सुपुत्राचाही असा एक टप्पा आहे.

घेवर : खाज्याचा सखा

आनंदाच्या यादीत खाज्याच्या जोडीला बसलेल्या घेवराचीही थोडी हकिकत सांगितली पाहिजे. संस्कृत 'घृतपूर' हे नाव सुश्रुतसंहितेतील सिद्ध अन्नाच्या वर्णनात येते. 'घृत'चे प्राकृतात 'घय' झाले, 'पूर'चे 'ऊर' झाले, आणि 'घयऊर', 'घेउर' असे करीत 'घेवर' सिद्ध झाला. मराठीने तुपासाठी 'घृत' शब्दाची परंपरा फारशी चालवली नाही. आपण 'तुप्प'वरून आलेले 'तूप' म्हणतो आणि आपले कन्नड शेजारी आजही 'तुप्प'च म्हणतात. त्यामुळे मराठी माणसाला घेवर या नावातील तूप चटकन दिसत नाही.

या पक्वान्नाशी निगडित एक कथा मेरुतुंगाचार्यांच्या 'प्रबंधचिंतामणी' या चौदाव्या शतकाच्या प्रारंभीच्या ग्रंथात आली आहे. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांच्या उपदेशाने गुजरातच्या कुमारपाल राजाने मांसाहार सोडला होता. एके दिवशी घेवर खाताना दाताखाली आलेल्या स्पर्शाने राजाला पूर्वीच्या आहाराची आठवण झाली. त्याने अस्वस्थ होऊन आचार्यांना विचारले की, असे पक्वान्न मी खावे का? इतरांना ते चालेल, परंतु ज्याच्या मनात त्यामुळे जुना संस्कार जागा होतो त्याने ते टाळावे, असे आचार्यांनी सांगितले. राजाने प्रायश्चित्त म्हणून आपल्या बत्तीस दातांसाठी बत्तीस जिनालये बांधली, अशी ही कथा आहे. दोष घेवरात नव्हता. तो खाणाऱ्याच्या स्मृतीत होता, हे या कथेचे मर्म होय. आनंद श्रावकाने घेवर मर्यादेच्या आत ठेवला आणि कुमारपालाने तो मर्यादेबाहेर ठेवला. दोघांनीही आधी स्वतःच्या मनाची परीक्षा केली, हे दोहोंतील साम्य आहे.

एक नाव, अनेक रूपे

आता भारतभर नजर टाकू. बिहारमध्ये राजगृही आणि नालंदा यांच्या दरम्यान सिलाव नावाचे गाव आहे. तेथील अनेक पदरांचे फुललेले खाजे प्रसिद्ध असून २०१८ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. सम्मेदशिखरजीची यात्रा करून राजगृहीची पंचपहाडी आणि पावापुरीचे जलमंदिर यांच्या दर्शनास जाणारे आपले यात्रेकरू याच परिसरातून जातात. ज्या मगधभूमीत प्रभूंचा विहार झाला, त्या भूमीत 'खज्ज' आजही आपल्या मूळ नावाने विकले जाते. ओडिशात पुरीच्या जगन्नाथाला खाज्यांचा नैवेद्य असतो. आंध्रात गोदावरीच्या मुखाकडील तापेश्वरम् येथील पदरांचा काजा नावाजलेला आहे. सुरतेत पावसाळ्यात मिरी घातलेले तिखट 'सरसिया खाजा' मिळतात, ते लिंबू पिळून खातात. त्यांत साखरेचा कणही नसतो.

आपल्या कोकणात तर आणखीच वेगळे. मालवणी खाजे म्हणजे बेसनाच्या तळलेल्या कांड्या, गुळाच्या पाकात आले घालून घोळलेल्या. आंगणेवाडीसारख्या जत्रांतून ते घेतल्याशिवाय माणूस घरी परतत नाही. गोव्याच्या खाज्यांनाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे. (आपल्यापैकी जे कंदमूळ वर्ज्य मानतात त्यांनी त्यातील आल्याचा विचार करावा.) या खाज्यांत पदर नाहीत, मैदा नाही आणि पांढरी साखरही नाही.

मग प्रश्न पडतो की, इतक्या भिन्न पदार्थांना एकच नाव कसे? याचे उत्तर व्युत्पत्तीतच आहे. करंजी हे नाव करंजाच्या शेंगेसारख्या आकारावरून आले. घेवराचे नाव तुपावरून आले आणि 'फेनक'पासून आलेल्या फेणीचे फेसावरून. ही नावे आकार किंवा घटक सांगतात, म्हणून ती सहसा आपला पदार्थ सोडत नाहीत. 'खाजे' हे नाव मात्र आकारही सांगत नाही आणि घटकही सांगत नाही. ते फक्त एवढेच म्हणते की, हे खाण्याजोगे आहे. म्हणून प्रत्येक प्रांताने आपल्याला विशेष प्रिय असलेल्या तळीव पदार्थाला हे नाव देऊन टाकले. कोणी पदरांना दिले, कोणी बेसनाच्या कांडीला, कोणी मिरीच्या पुरीला. 'खातात म्हणून खाजे' या आजीच्या उत्तरात ही सारी मीमांसा सामावलेली होती.

नाटककार भारतेंदु हरिश्चंद्र यांनी १८८१ साली लिहिलेल्या 'अंधेर नगरी' या हिंदी प्रहसनातील नगरीत भाजी आणि खाजा एकाच भावाने विकली जातात, आणि तीच तेथील अविवेकी राज्यकारभाराची खूण ठरते. सामान्य भाजी आणि मौल्यवान खाजे यांतील भेद ज्याला कळत नाही, त्याला न्यायही कळणार नाही, असा तो इशारा होता. लोकांच्या मनात खाज्याचे स्थान किती वरचे होते, ते यावरून दिसते.

त्यागाच्या शब्दात तोच धातू

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आता सांगावयाचा आहे. सूर्यास्ताच्या सुमारास आपल्यापैकी अनेक जण चोविहाराचे पच्चक्खाण घेतात. त्यात चार प्रकारच्या आहाराचा त्याग असतो : असण, पाण, खाइम आणि साइम. यांपैकी 'खाइम' म्हणजे संस्कृत 'खादिम'. दिगंबर परंपरेत आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात रात्रिभोजनत्यागी श्रावकाचे वर्णन करताना अन्न, पान, खाद्य आणि लेह्य असे चार आहार सांगितले आहेत, आणि टीकाकार प्रभाचंद्रांनी त्यातील 'खाद्य' म्हणजे मोदकादी पदार्थ असा अर्थ दिला आहे. 'खाइम' असो वा 'खाद्य', दोहोंचे मूळ 'खाद्' या धातूतच आहे. ताटातील खाज्याचे नाव आणि ते खाजे सोडताना उच्चारला जाणारा शब्द हे एकाच मातेची लेकरे आहेत. सकाळी आपण 'खाजे' म्हणून जे घेतो, तेच सायंकाळी 'खाइम' म्हणून सोडतो. ('सायंकाळ'साठी आपण जो 'सांज' शब्द वापरतो, तोही प्राकृत 'संझा'वरूनच आलेला आहे.)

आपल्या शास्त्रकारांनी तळणीचा विचार किती सूक्ष्मपणे केला होता, याचेही एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. श्वेतांबर परंपरेतील सहा विगईंमध्ये दूध, दही, तूप, तेल आणि गूळ यांच्या जोडीला सहावी कडाविगई असते. तिचे शास्त्रीय नाव 'अवगाहिम', म्हणजे तुपात किंवा तेलात बुडवून तळलेले. त्यातही, कढईत नवे तूप न घालता तळलेले पहिले तीन घाण विगईत धरतात आणि चौथ्या घाणापासूनचे पदार्थ निवियाते मानतात. दिगंबर परंपरेतही घृत, तैल आदी रसांच्या परित्यागाला तपाचे स्थान आहे. पक्वान्न किती दिवस भक्ष्य राहते याचीही गणना आहे. श्वेतांबर आचारात ही मर्यादा पावसाळ्यात १५, उन्हाळ्यात २० आणि हिवाळ्यात ३० दिवस अशी सांगितली जाते. हवेतील ओलावा वाढला की जीवोत्पत्तीची शक्यता वाढते, हे निरीक्षण त्यामागे आहे. खाज्यासारखे कोरडे, पाण्याचा अंश उडून गेलेले पक्वान्न आपल्या घरांत का रुजले, याचे एक कारण येथे सापडते. ते यात्रेच्या शिदोरीत टिकते, डब्यात मोजून ठेवता येते आणि केव्हा संपवायचे ते आधीच ठरवता येते.

सोलापूरचे ऋण

अशा गोष्टी आज आपण वाचू शकतो, त्याचे मोठे श्रेय आपल्याच शहराला आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून येथे जैन संस्कृति संरक्षक संघ उभा राहिला आणि त्याच्या जीवराज जैन ग्रंथमालेने सोलापूरचे नाव देशोदेशीच्या विद्यापीठांत पोहोचवले. 'तिलोयपण्णत्ती'सारखा प्राकृत ग्रंथ डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली येथूनच प्रसिद्ध झाला. इ. स. ९५९ मध्ये सोमदेवसूरींनी रचलेल्या 'यशस्तिलकचंपू'वरील प्रा. कृष्णकांत हंदीकी यांचा सुप्रसिद्ध अभ्यासग्रंथही १९४९ साली याच मालेत निघाला. त्या चंपूत आहार, ऋतू आणि पथ्य यांची विस्तृत चर्चा आहे, आणि त्यातील अखेरच्या भागाला 'उपासकाध्ययन' हेच नाव आहे. प्राकृत शब्दांचा अर्थ पाहावयाचा तर पंडित हरगोविंददास शेठ यांचा 'पाइअसद्दमहण्णवो' हा कोश आहेच. ज्या शहराने प्राकृत ग्रंथ छापून जगाला दिले, त्या शहरातील आपल्या मुलांना 'खाजे' हा प्राकृताचा घास आहे हे ठाऊक नसावे, ही खंत वाटल्यावाचून राहत नाही.

उपसंहार

आज खाजे घरी होत नाहीत असे नाही, पण क्वचित होतात. साटा फेसायला, पदर लावायला आणि मंद आचेपाशी बसायला वेळ लागतो. बाजारात आयते खोके मिळते. त्यात तूप आहे की वनस्पती, ते केव्हा तळले आणि किती दिवस झाले, हे विचारण्याची सवयही हळूहळू सुटत चालली आहे. करणारे हात गेले की पदार्थ जातो. मागून शब्दाचा अर्थ जातो आणि त्याच्याबरोबर शब्दामागचा विवेकही जातो. दुकानदाराकडे मोजण्याचे काम सोपवले की आपण किलोवर मोजतो. व्रताच्या मोजणीचे परिमाण मात्र निराळे होते.

माझ्या आजीने उपासकदशांग वाचले नव्हते. 'द्य'चा 'ज्ज' होतो हे तिला कोणी शिकवले नव्हते. परंतु पारण्याच्या दिवशी खाज्यांचा डबा उघडला की ती प्रत्येकाच्या हातावर दोन खाजे ठेवी आणि झाकण लावी. आम्ही मुले तिसऱ्यासाठी हट्ट करीत असू. "दोन म्हणजे दोन," एवढेच ती म्हणे. पुढे अनेक वर्षांनी आनंद श्रावकाच्या यादीत पक्वान्नांची दोनच नावे वाचली, तेव्हा मला तो डबा आठवला.

या वर्षी पारण्याला नातवासमोर घरी केलेले खाजे ठेवावे आणि त्याला त्याच्या खापरपणजीचे उत्तर सांगावे, असा माझा संकल्प आहे. खातात म्हणून खाजे. किती खावे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे.